चाळीस पट, पण कशाच्या?

गेल्या उन्हाळ्यात मी घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक फोटो टाकला. वाल काढून मोकळं झालेलं खाचर, ढेकळांत उभी असलेली टिटवी, आणि तिच्या पायाशी, नीट पाहिलं तरच दिसेल असं, कापसाच्या बोळ्याएवढं एक पिल्लू. पाच-सहा अंगठे आले, दोन फुलं आली, धाकट्या जाऊबाईंनी हात जोडले (त्या सगळ्यालाच हात जोडतात). मग पुण्याहून भाच्याचा निरोप आला. "मावशी, फोटो सॉफ्ट आलाय गं. पिसांत डिटेलच नाही. माझा फोन यापेक्षा बरा काढेल. तो डबा विकून टाक आता."

खाली त्याने माझाच फोटो कुठल्याशा अ‍ॅपमधून 'सुधारून' परत पाठवला होता. काय सांगू मंडळी! पीस न् पीस मोजून घ्यावं असा. फक्त टिटवीच्या डोळ्यापुढचा तो लाल कातडीचा तुकडा, ज्यावरून आपल्याकडची ही टिटवी ओळखायची, तो तपकिरी पिसांनी भरून गेला होता. आणि पिल्लू गायब. त्याच्या जागी एक छान, रेखीव ढेकूळ.

मी चौतीस वर्षं शाळेत शिकवलं. मुलाचं उत्तर चुकलं तर त्याला समजावून सांगायची माझी तयारी असे, पण प्रयोगवहीत न पाहिलेलं पाहिलं म्हणून लिहिलं की मी पान फाडायला लावत असे. भाच्याला ग्रुपवर काही बोलले नाही, सगळ्यांसमोर कशाला. इथे बोलते. (तो इथे वाचतो, मला माहीत आहे.)

आधी 'डबा' म्हणजे काय ते. खिशात मावणारा, पण लांबचं जवळ ओढणारं भिंग असलेला डिजिटल कॅमेरा. या जातीचा नमुना म्हणून कॅननचा २०१८ साली आलेला एसएक्स ७४० घेऊ. वजन २९९ ग्रॅम, म्हणजे पाव किलो चहाच्या पुड्याहून थोडं जास्त. त्याच्यावर लिहिलेलं असतं, ४० एक्स. मी ज्या दुकानात माझा घेतला तिथला मुलगा म्हणाला, "आजी, चाळीस पट मोठं दिसतं." त्याचा दोष नाही, त्याला तसंच सांगितलेलं. पण हा आकडा म्हणजे साधा भागाकार आहे. भिंगाचं सर्वांत लांबचं टोक ९६० मिलिमीटर, सर्वांत रुंद टोक २४ मिलिमीटर (हे हिशोब जुन्या ३५ मिलिमीटर फिल्मच्या मापात करायची पद्धत आहे), ९६० भागिले २४, झाले ४०. पॅनासोनिकचा २०२५चा टीझेड ९९ घ्या, ७२० भागिले २४, तीस. निकॉनचा पी १००० घ्या, ३००० भागिले २४, एकशे पंचवीस. तो २०१८ साली आला, वजन चौदाशे ग्रॅमच्या वर, तो गळ्यात अडकवून वाळूत चालायचं म्हणजे मानेला शिक्षा.

आपल्या डोळ्याशी तुलना करायची तर साधारण ५० मिलिमीटर धरतात. म्हणजे ९६०ची खरी वाढ एकोणीस पटींच्या आसपास. दुर्बिणीवर ८ लिहिलेलं असतं ते मात्र डोळ्याच्याच हिशोबाने असतं. तेव्हा आठाची दुर्बीण आणि चाळीसचा कॅमेरा यांचे आकडे शेजारी ठेवून शहाणपणा सांगणाऱ्यांनी आधी छेद सारखे करावेत.

असो. पण त्या चाळीसात एक खरी गोष्ट आहे, ती दुकानातही सांगत नाहीत आणि परीक्षणं लिहिणारेही लिहीत नाहीत. रुंद टोकाने एका मीटरवर उभं राहून टिटवी चौकटीत जेवढी मावेल, तेवढीच ती लांब टोकाने चाळीस मीटरवरून मावते. एक मीटर आणि चाळीस मीटर. या कॅमेऱ्याचा सगळा जमाखर्च या दोन अंतरांत आहे. भाचा आणि त्याच्यासारखे सगळे परीक्षक काय करतात, तर फोटो पडद्यावर ताणून पिसं मोजतात. फोटो काढणारा उभा कुठे होता, हे कुणीच विचारत नाही. माझं भांडण एवढंच आहे.

मांडव्याच्या लाँचमधून आलाच असाल. हिवाळ्यात गेटवे सुटलं की कुरव पक्ष्यांचा थवा बोटीमागे लागतो आणि वरच्या मजल्यावर फरसाणाची पाकिटं फुटतात. एका हातात गाठी, दुसऱ्या हातात फोन. मी एकदा एका बाईंना हटकलं तर म्हणाल्या, "मुक्या जिवाला खायला घालतोय, पुण्य लागतं." पुण्यच हवं असतं तर फोन पर्समध्ये राहिला असता. फोनला पक्ष्यापर्यंत पोचता येत नाही म्हणून पक्ष्याला फोनपर्यंत आणायचं, त्याचं भाडं म्हणजे ते फरसाण. लडाख-तिबेटच्या तळ्यांकाठी जन्मलेला पक्षी हिमालय ओलांडून समुद्रावर येतो आणि आपण त्याला तळलेलं बेसन आणि मीठ चारतो, का, तर चोच जवळून दिसावी.

इकडे अक्षीच्या किनाऱ्यावर फरसाण लागत नाही, तिथे पळापळ चालते. डिसेंबर-जानेवारीत ओहोटीच्या वेळी पाण्याच्या कडेने चिखल्या, तुतारी, कुरव, सुरय असे कितीतरी पक्षी असतात. शिंपल्या फोडून खाणारा तो लांब लाल चोचीचा काळापांढरा पक्षीही (इंग्रजीत ऑयस्टरकॅचर) असतो. त्यांची पंगत घड्याळाने बसत नाही, ओहोटीने बसते. पाणी मागे गेलं की ओल्या वाळूतले किडे आणि शिंपल्या उघड्या पडतात, पाणी चढलं की पान उचललं. त्या तेवढ्या तासांत पोट भरायचं. आणि फेब्रुवारी-मार्चनंतर परतीच्या वाटेसाठी अंगावर चरबीही चढवायची असते, कारण यांतल्या चिखल्यांना पुन्हा तिबेटकडच्या उंच पठारांवर जायचं असतं. अशा वेळी कुणीतरी आपल्या चार वर्षांच्या मुलाला "पळ पळ" म्हणत थव्यात सोडतो आणि मागून व्हिडिओ काढतो. थवा उठतो, फिरतो, शंभर पावलांवर बसतो. तिथे दुसरं कुटुंब. शनिवार-रविवारी हे दिवसभर. जेवणाऱ्याला पानावरून किती वेळा उठवायचं याला काही सुमार?

मुलांचा दोष नाही. बापाच्या हातातलं यंत्रच असं आहे की पक्षी हवा असेल तर त्याच्या अंगावर जावं लागतं.

आता भाचा म्हणेल, "मावशी, हल्लीच्या फोनना झूम असतो." असतो. महागड्या फोनांत पाचपट, काहींत दहापटही खरं भिंग आलेलं आहे, आणि ते चांगलं आहे, मी नाकारत नाही. पण त्यापुढे जे शंभरपर्यंत आकडे लिहितात ते कापून मोठं करणं आणि रिकाम्या जागा अंदाजाने भरणं. २०२३ साली एका माणसाने गंमत केली. चंद्राचा फोटो मुद्दाम धूसर करून संगणकाच्या पडद्यावर लावला, खोलीत अंधार केला आणि सॅमसंगच्या फोनने तो पडदा टिपला. फोनने त्या धुरकट गोळ्यावर विवरं काढून दिली. मग कंपनीनेही सांगितलं की हो, चंद्र ओळखून तपशील वाढवायची सोय आमच्या फोनात आहे. चंद्राचं ठीक आहे, तो सगळ्यांचा एकच, आणि तोंड एकच दाखवतो. पण माझ्या खाचरातल्या टिटवीच्या पिल्लाबद्दल त्या यंत्राला काय ठाऊक? त्याने ढेकूळ काढलं. माझा फोटो मऊ आहे, कबूल. पण त्यात जे आहे ते तिथे होतं.

हे नुसतं तत्त्वाचं नाही, कामाचंही आहे. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी, आपली १८८३ सालची संस्था, स्थलांतरी पक्ष्यांच्या पायांत कडी घालते आणि काहींच्या पायावर अक्षरं लिहिलेली रंगीत पट्टी असते. ती अक्षरं कुणी वाचून कळवली तर तो पक्षी कुठून कुठे गेला ते समजतं. मला एकदा एका चिखल्याच्या पट्टीवरची तीनपैकी दोन अक्षरं वाचता आली, तिसरं नाही. फोटो भिकार होता. पण अ‍ॅपने तिसरं अक्षर छान काढून दिलं असतं आणि मी ते खुशाल कळवलं असतं, तर?

दुसरा पक्ष मोठ्या भिंगवाल्यांचा. ते माझ्या डब्याकडे बघून हसतात, तोंडावर नाही, पण हसतात. त्यांचं म्हणणं शास्त्राला धरून आहे, ते आधी मान्य करते. माझ्या जातीच्या कॅमेऱ्यातला सेन्सर सुमारे ६.२ बाय ४.६ मिलिमीटरचा, करंगळीच्या नखाहून लहान. त्यांचा ३६ बाय २४. क्षेत्रफळ काढा, तीसपटींचा फरक. आणि उजेड आत यायचं भोक! एसएक्स ७४०चं भिंग लांब टोकाला खरं १७२ मिलिमीटरचं, आकडा एफ ६.९, म्हणजे भोकाचा व्यास जेमतेम एक इंच. त्यांच्या ६००च्या भिंगाला एफ ६.३ धरलं तरी जवळजवळ चार इंच. चार इंची नळातून आणि एक इंची नळातून सारखंच पाणी येईल असं मी शाळेतही शिकवलेलं नाही.

पण तेवढा पैसा घातला की माणसाची भूक वाढते. चौकट पक्ष्याने भरली पाहिजे, डोळ्यात चमक पाहिजे. मग लष्करी रंगाचे कपडे घालून पोटावर सरपटत पुढे, अजून पुढे. काही जण तर मोबाइलवर पक्ष्याच्या आवाजाचं रेकॉर्डिंग लावून त्याला बोलावतात. विणीच्या दिवसांत तो बिचारा आपल्या हद्दीत दुसरा नर घुसला म्हणून अंडी सोडून भांडायला येतो. सहाशेचं भिंग घेऊन शेवटी उभं राहायचं आठ मीटरवर, तर लाखभर रुपये कशाला खर्च केले? सगळेच असे नाहीत. आमच्याकडे येणारे एक गृहस्थ तीन तास एका जागी बसतात, त्यांना मी घरून चहा पाठवते.

किहीम आमच्यापासून लांब नाही. सालिम अलींनी १९३० साली तिथे सुगरणींच्या वसाहतीचा अभ्यास केला. नर अर्धवट घरटं विणतो, मादी येऊन पसंत करते, मग तो ते पुरं करतो आणि ती अंड्यांवर बसली की पठ्ठ्या दुसरं विणायला घेतो. हे त्यांना कळलं ते आडोसा करून, हलता न कळता, दिवसच्या दिवस बसून. त्या वेळी चाळीस पट नव्हतं, बूड टेकायची तयारी होती.

आमच्याकडे पूर्वी अग्फा क्लिक थ्री होता. एका रोलवर बारा फोटो, झूम म्हणजे आपले पाय. बारावा संपला की धुवायला टाकायचा, तोवर काही कळायचं नाही. त्यामुळे बटण दाबायच्या आधी कुठे उभं राहायचं हे ठरवावं लागे. ती सवय फोनने घालवली. (आणि जिथे जवळच जायला हवं तिथे जवळ जावं, त्यालाही माझी ना नाही. अक्षीचा शके ९३४चा शिलालेख लांबून ओढून काही कळणार नाही. तिथे सकाळच्या तिरप्या उन्हात दगडापाशीच उभं राहिलं पाहिजे. दगड उडून जात नाही.)

या डब्याचे दोष सांगते, नाहीतर म्हणाल बाई विकायला बसल्या. एसएक्स ७४०ला डोळा लावायची खिडकीच नाही, सगळं मागच्या पडद्यावर, आणि किनाऱ्यावरच्या उन्हात पडदा म्हणजे काळी पाटी. टीझेड ९९ने तर आधीच्या कॅमेऱ्याला असलेली खिडकी काढून टाकली, ही कुठली सुधारणा? सोनीच्या एचएक्स ९९ला बाहेर येणारी छोटीशी खिडकी आहे, तो २०१८चाच. बॅटरी एका चार्जवर अडीचशेच्या आसपास फोटो देते. संध्याकाळी सूर्य कलला की चित्रात कण दिसू लागतात. उडता पक्षी विसरा. लांब टोकाला पक्षी चौकटीतून हरवतो, मग एक बटण दाबून मागे यायचं, पक्षी शोधायचा, बटण सोडायचं की पुन्हा जवळ. ही सोय मात्र उत्तम, माझ्यासारख्या थरथरत्या हातासाठी देवासारखी. आणि सकाळी नऊनंतर वाळूवरची हवा चुलीवरच्या हवेसारखी हलायला लागते, त्यावर लाखाच्या भिंगालाही इलाज नाही. हे बहुतेकांना माहीत नसतं आणि ते कॅमेऱ्याला शिव्या देतात.

असे कॅमेरे आता फारसे बनतही नाहीत. २०१० साली जगभरात खिशातले डिजिटल कॅमेरे दहा कोटींहून जास्त निघाले, २०२३ साली वीस लाखही नाहीत. फोनने खाल्ले. सोयीपुढे कुणाचं चालत नाही, पण या कॅमेऱ्यांबरोबर लांब उभं राहण्याची स्वस्त सोयही जाते आहे याचं कुणाला काही वाटलेलं मी वाचलं नाही.

आता मला हे इतकं का लागतं ते सांगणं भाग आहे.

२०२१च्या एप्रिलात याच खाचरात टिटवीने चार अंडी घातली होती. घरटं म्हणजे काय, चार खडे आणि खळगा. तेव्हा माझ्याकडे फोनच होता. रोज दुपारी, जेवणं झाल्यावर, मी जाऊन फोटो काढत होते. टिटवी ओरडायची, डोक्यावर घिरट्या घालायची, मला ते कौतुकाचं वाटायचं. अंडी मातीत मिसळून जातात म्हणून अगदी वाकून काढावे लागत. तिसऱ्या दिवशी शेजारच्या मुलांनाही नेऊन दाखवलं. बाईंची सवय, धडा दाखवल्याशिवाय चैन नाही.

नंतर वाचलं की टिटवी भर उन्हात अंड्यांवर बसते ती ऊब द्यायला नव्हे, सावली द्यायला. पोटाची पिसं पाण्यात भिजवून आणते आणि अंडी गार करते. एप्रिलातल्या दुपारी मी तिला दहा-दहा मिनिटं दूर ठेवत होते. आणि मी वाकले की आंब्यावरचे कावळे बघत होते. पाचव्या दिवशी खळगा रिकामा. कावळ्याने नेली, मुंगुसाने नेली की आणखी कुणी, मला सिद्ध करता येणार नाही. पण वाट मी पाडली होती. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात 'शिकार' या शब्दाच्या व्याख्येतच पक्ष्याची अंडी-घरटी विस्कळीत करणं येतं. जन्मभर मुलांना नागरिकशास्त्र शिकवणाऱ्या बाईने ते वयाच्या सत्तरीत वाचलं.

टिटवी दोन-तीन दिवस त्या खळग्यापाशी येऊन उभी राहायची. ते फोटो अजून फोनमध्ये आहेत. पिसांत डिटेल भरपूर आहे.

डबा त्यानंतर घेतला. गेल्या उन्हाळ्यात टिटवी पुन्हा त्याच खाचरात बसली तेव्हा मी गडग्याच्या अलीकडे, आंब्याखाली, पाट टाकून बसले. तिथून घरटं पावलांनी पंचावन्न, म्हणजे धरा चाळीस मीटर. चौकटीची रुंदी तिथे साधारण दीड मीटर होते, टिटवी तिचा पाचवा भाग व्यापते. फार नाही. पण ती एकदाही ओरडली नाही. ओल्या पोटाने आलेली पाहिली, अंड्यांवर पाय फाकवून सावली धरून उभी असलेली पाहिली. सव्वीस दिवस मी तिथे बसत होते आणि तिच्या लेखी मी नव्हते. मग एके सकाळी पिल्लं बाहेर. तीन मोजली. चौथं दिसलं नाही, म्हणून तीनच लिहिलं. तो फोटो मी ग्रुपवर टाकला, आणि तुला तो सॉफ्ट वाटला.

डिसेंबरात मुलांना घेऊन येतो म्हणाला आहेस. ये. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास ये. आमच्याकडे भरतीची वेळ काढायला तिथीची पाऊणपट करतात, पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. म्हणजे सव्वाअकराला भरती आणि पहाटे पाचच्या सुमाराला ओहोटी. सातला अक्षीला सुरूच्या बनाच्या कडेला बसू. पाणी चढत येतं तसे पक्षी आपोआप आपल्या बाजूला सरकतात, आपण फक्त हलायचं नाही. नऊपर्यंत हवाही स्थिर असते. तुझा फोन आण, मी डबा आणते, एकाच जागी बसून दोघं काढू आणि दुपारी जेवल्यावर दोन्ही फोटो ग्रुपवर टाकू. पोरांसाठी दोन पाट जास्तीचे ठेवले आहेत. फरसाण आणलंस तर घरी ठेव, चहाबरोबर खाऊ.